विजांमध्ये सासूबाई

"जावई काय करतात?" असं कुणी विचारलं की सासूबाई आधी घोटभर चहा पिऊन घेत आणि मग म्हणत, "तारांचं काम असतं त्यांचं." विचारणारा समजे, वीज कंपनीत असतील. सासूबाई तो गैरसमज जपून ठेवत, कारण खरं सांगायला बसलं तर निम्मा दिवस गेला असता.

खरं म्हणजे जावई आवाजांचा कलाकार होता. चित्रकार रंगांनी काम करतो, हा आवाजांनी करी. तळ्याच्या तळाशी माइक सोडून पाणकिड्यांची कुरकुर टिपायची, वाऱ्यात कण्हणाऱ्या लोखंडी पुलाला माइक चिकटवायचा, आणि ते सगळं एखाद्या खोलीत अशा बेताने मांडायचं की आत आलेला माणूस थबकून ऐकत राहावा. कधी माणसं थबकत. कधी "बाथरूम कुठे आहे हो?" असं विचारून पुढे जात. त्याची बायको दातांची डॉक्टर होती. घर बरंचसं तिच्या कमाईवर चाले, पण ती ते कधी बोलून दाखवत नसे. फक्त नवऱ्याचे दात तपासताना त्याला जरुरीपेक्षा जरा जास्त वेळ तोंड उघडं ठेवायला लावी.

सासूबाईंचा स्वतःचा टॅक्सीचा धंदा होता. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, गाड्या विकून टाका. त्यांनी विकल्या नाहीत. शहरातल्या वनस्पती उद्यानाच्या मागच्या भिंतीला लागून त्यांचं ऑफिस होतं: एक खोली, एक खिडकी, भिंतीवर शहराचा नकाशा आणि टेबलावर जुन्या पद्धतीचा वायरलेस सेट. बाकी सगळ्यांनी केव्हाच फोनवर काम सुरू केलं होतं. सासूबाईंना ते पटत नसे. "फोन उचलायचा की नाही हे ड्रायव्हर ठरवतो. वायरलेसला ती सोय नाही. मी बोलले की गाडीत आवाज येणारच."

आणि त्या बोलत. ड्रायव्हर त्यांना मावशी म्हणत आणि मावशी त्यांना वाटेल ते म्हणत. घनदाट कुरळ्या केसांचा एक ड्रायव्हर होता, त्याचं नाव टकल्या. फार पूर्वी एका पैजेत त्याने डोकं भादरलं होतं. केस परत आले, नाव जायला तयार नव्हतं. सगळ्यांत बुटका जो, तो लंबू. दोघांनाही शिव्या सारख्याच पडत आणि दोघांचाही मावशींवर सारखाच जीव होता.

तर अशात उद्यानाच्या अधीक्षकांनी जावयाला बोलावणं धाडलं. उद्यानात काचेचं एक जुनं मोठं घर होतं, उष्ण देशांतली झाडं ठेवण्यासाठी बांधलेलं. माणसं तिथे फिरकत नसत. "झाडं आहेत, काच आहे, बाकं आहेत," अधीक्षक म्हणाले. "लोक तेवढे नाहीत. काही करता येईल का?"

जावयाच्या डोक्यात एक जुनी गोष्ट घोळत होती. पृथ्वीवर कुठे ना कुठे सतत वीज कोसळत असते, आणि प्रत्येक विजेबरोबर रेडिओच्या लहरी निघतात. हजारो मैलांवर पडलेल्या विजेची टिचकी, पुरेशी लांब तार टांगली तर, इथे बसून ऐकू येते. त्याने काचघराबाहेरच्या उंच झाडांमधून लांबच लांब तारा ओढल्या. आत बाकांच्या उशाला लाकडी भोंगे बसवले. बाकावर आडवं व्हायचं, भोंग्याला कान द्यायचा, की एकीकडून पानांवरून ठिबकणारं पाणी ऐकू यावं आणि दुसरीकडून साऱ्या पृथ्वीवरच्या विजा. टिक. टिक-टिक. कधी लांबलचक शीळ घातल्यासारखा आवाज. त्याने तिथे कित्येक दुपारी एकट्याने काढल्या. शेवटी एकदा बायकोला नेलं. ती बाकावर पडली आणि तिने भोंग्याला कान लावला. उठल्यावर म्हणाली, "हे खरंच छान झालंय रे." एवढं कौतुक त्याला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होतं. तो हवेत तरंगतच घरी आला.

तरंगत होता म्हणूनच पुढचं घडलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, सगळ्या गावातल्या झाडांना तारा बांधता. माझ्या छपरावरचा खांब वाकलाय आणि सेट नुसता खरखरतो. तेवढं बघाल का?"

सासूबाईंनी त्याच्या विद्येचं काही काम सांगावं, असं आजवर झालं नव्हतं. जावई शिडी घेऊन छपरावर चढला. वाकलेला खांब काढून त्याच्या दुप्पट उंचीचा नवा लावला, वरची अँटेना बदलली, सेट उघडून आतून स्वच्छ केला, मनापासून, जीव ओतून. सासूबाईंनी बोलून पाहिलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला असलेला लंबू म्हणाला, "मावशी, तुम्ही मागच्या सीटवर बसलात की काय?"

"गुण आहे हो तुमच्या हातात," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काचघरात नगराध्यक्ष आले. भारदस्त माणूस, शुभ्र कपडे, आणि डोक्यावर औषधालाही केस नाही. अधीक्षकांचं भाषण झालं. जावई दोन शब्द बोलला. मग सगळे बाकांवर आडवे झाले. नगराध्यक्षांना आडवं होणं प्रशस्त वाटेना, म्हणून ते मधोमध खुर्चीवर बसले आणि त्यांच्या कानाशी एक भोंगा धरून अधीक्षक उभे राहिले. काचघर शांत झालं. टिक. टिक-टिक. दूर कुठल्याशा समुद्रावर वीज पडली. नगराध्यक्षांनी डोळे मिटून समजल्यासारखी मान हलवली.

"टकल्या!" सगळे भोंगे एकदम कडाडले. "कुठे उलथलायस?"

नगराध्यक्षांनी डोळे उघडले.

"आजी दारात उभी आहे कधीची. तिचे गुडघे काय तुझ्या बापाचे आहेत? आणि गप्प काय बसलायस? ऐकू येतंय ना?"

नगराध्यक्षांनी नकळत होकारार्थी मान हलवली.

"तोंडाने बोल!"

"हो," नगराध्यक्ष म्हणाले.

एका बाकावरून कुणाचं तरी हसू फुटलं, आणि मग ते कुणालाच आवरेना. जावयाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आवाज कुणाचा आहे हे त्याला पहिल्या अक्षराला कळलं होतं, आणि तो भोंग्यांत कसा शिरला हे दुसऱ्या वाक्याला. भिंतीपलीकडे त्याने स्वतःच्या हातांनी उभारलेला खांब तिथून स्वच्छ दिसत होता. एवढ्या जवळून एवढ्या जोराने कुणी बोलू लागलं, तर विजा टिपायला टांगलेल्या तारा बिचाऱ्या काय करणार?

त्याच संध्याकाळी तो ऑफिसात गेला. "आई, तुमचा आवाज माझ्या कामात जरा घुसतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे... थोडासा. अधूनमधून."

थोडासा म्हणाला खरा, पण त्या थोड्याशातून नगराध्यक्षांना घाम फुटला होता हे काही त्याच्या तोंडून निघेना. सासूबाईंना वाटलं, आपण फार मोठ्याने बोलतो, भिंतीपलीकडे ऐकू जातं. मुलीच्या नवऱ्याच्या कामात आपला अडथळा नको. "बरं," त्या म्हणाल्या. "तुमचं प्रदर्शन चालू असेल तेवढा वेळ मी नीट बोलेन."

आणि दुसऱ्या दिवशी त्या नीट बोलल्या. हळू आवाजात, शब्द शोधून. "टकल्या, आपण सध्या कोठे आहात, ते कृपया कळवावे."

टकल्याने गाडी बाजूला घेतली. त्याने सेटवर थाप मारून पाहिली. पुन्हा तोच मृदू आवाज आला: "आपली गैरसोय होत नसेल तर स्टेशनवर जाऊन यावे."

"लंबू," त्याने घाबरून फोनवर विचारलं, "ऐकलंस का? मावशींना काहीतरी झालंय."

"ऐकलं," लंबू म्हणाला. "माझी आत्या अशीच बोलायला लागली होती. शेवटी."

टकल्याने गाडीतल्या गिऱ्हाइकाची हात जोडून माफी मागितली, त्याला फुटपाथवर उतरवलं आणि गाडी सरळ दातांच्या दवाखान्यापुढे नेली. ओळखीची डॉक्टर तीच. तिच्या पुढ्यात एक रोगी जबडा उघडून पडला होता. "आत्ताच्या आत्ता चला, ताई!" टकल्या ओरडला. डॉक्टरीण तोंडावर मास्क आणि हातात आरसा तशीच निघाली. ऑफिसात पोचते तर लंबू आधीच हजर, मावशींच्या हातात पाण्याचा ग्लास देऊन त्यांना वारा घालतोय, आणि मावशी लाल झालेल्या.

"गाड्या सोडून इथे काय करताय रे मुडद्यांनो?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सुटकेचा निश्वास टाकला. "बऱ्या आहेत," लंबू म्हणाला.

इकडे काचघरात वेगळाच गोंधळ होता. उद्घाटनाची हकिकत गावभर झाली होती आणि कधी नव्हे ती दारात रांग लागली होती. लोक बाकांवर पडून वाट पाहत होते, आणि भोंग्यातून ऐकू येत होतं, "कृपया डावीकडे वळावे." माणसं उठून अधीक्षकांकडे तक्रार करू लागली. अधीक्षकांनी जावयाला कोपऱ्यात घेतलं. "साहेब, त्या बाईंना जरा राग येईल असं काही करता येईल का?"

जावयाने मान झटकली. त्याला विजा ऐकवायच्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आलं. कलेवर लिहिणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं होतं, आकाशाची अलिप्तता आणि माणसाची तळमळ एकमेकांसमोर उभी करण्याचं धाडस या कलाकाराने केलं आहे. 'कुठे उलथलायस' हा प्रश्न तर साऱ्या मानवजातीलाच विचारलेला आहे. जावयाने तो लेख उभ्याने वाचला, बसून वाचला, आणि बायको घरात नाही असं पाहून मोठ्याने वाचला. हळूहळू त्याला वाटायला लागलं की आपल्या मनात असंच काहीतरी होतं. दुपारी तो सासूबाईंकडे गेला आणि म्हणाला, "आई, तुम्ही आपल्या नेहमीसारखं बोला. काही त्रास होत नाही."

"देव पावला," सासूबाई म्हणाल्या. "सभ्य बोलून माझा घसा धरला होता."

मग काचघराला बरे दिवस आले. लोक डबे घेऊन येऊ लागले. टकल्याला शिव्या पडल्या की टाळ्या पडत. ड्रायव्हरांची उत्तरं तारांपर्यंत पोचत नसत, एकट्या मावशीच ऐकू येत, त्यामुळे लंबू काय म्हणाला असेल यावर बाकांवर वाद होत. ऑफिसातल्या सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. गाड्या पळवण्यातून त्यांना बागेत जायला फुरसत कुठली? आणि ड्रायव्हरांना वाटे, मावशींना माहीत असणारच. जावई सांगितल्याशिवाय राहिलेत थोडेच?

गावातले एक वकील सासूबाईंचं जुनं गिऱ्हाईक होते. त्यांची बायको एका दुपारी मैत्रिणींबरोबर काचघरात आली, चप्पल काढून बाकावर ऐसपैस पडली. टिक, टिक, टिक. मग भोंगा बोलला.

"लंबू, वकीलसाहेबांना सोडलंस ना नेहमीच्या ठिकाणी? त्यांचा फोन आला, टॉवेल मागच्या सीटवर राहिलाय, तो देऊन ये. आणि घरी कळता कामा नये, लक्षात आहे ना?"

वकिलीणबाई उठून बसल्या. मैत्रिणी छताकडे बघू लागल्या. नवरा कोर्टात असतो अशी बाईंची समजूत होती, आणि कोर्टात टॉवेल लागत नाही एवढं त्यांना कळत होतं. चप्पल हातात घेऊनच त्या बागेबाहेर पडल्या.

नंतर काय झालं ते सासूबाईंना खुद्द वकिलांकडून कळलं. ऑफिसच्या दारात ते उभे होते, ओल्या केसांनी, शर्टाची बटणं खालीवर लावून. लहानपणी ते एकदा बुडता बुडता वाचले होते. पाण्याची भीती जन्मभर लपवली, आणि आता या वयात, लहान मुलांच्या वर्गात, गुपचूप पोहायला शिकत होते. "टॉवेल ऐकून ती थेट पोहण्याच्या तलावावर आली," ते म्हणाले. "मी कमरेला फुगा बांधून उभा. आजूबाजूला सात-सात वर्षांची पोरं. मावशी, तुमच्यावर भरवसा होता हो माझा."

"मी एक शब्द बोलले नाही कुणाला!"

"सगळ्या गावाने ऐकलं. बागेतल्या भोंग्यातून."

कोण कुठून कुठे गेलं हे टॅक्सीवाल्याने पोटात ठेवायचं असतं, हा सासूबाईंचा एकुलता एक नियम होता. नवऱ्याच्या आजारपणातही त्यांनी तो मोडला नव्हता. वकील गेल्यावर त्यांनी सेटचं बटण बंद केलं आणि नकाशाकडे बघत बसून राहिल्या. ड्रायव्हर येऊन जाऊन विचारू लागले. त्या त्यांना हातवारे करून रस्ते दाखवू लागल्या.

जावई आला तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. "यावं, जावईबापू. बसावं. चहा घेणार का आपण?"

जावयाला वाटलं, यापेक्षा आरडाओरडा परवडला असता. पुढचे काही दिवस हेच चाललं: खुर्ची पुसून मिळे, चहा बशीसकट मिळे, 'आपण' मिळे. बायकोने मात्र त्याला बशी वगैरे काही दिली नाही.

"तू आईला सांगितलं का नाहीस?"

"आवाज घुसतो एवढं सांगितलं होतं मी."

"घुसतो म्हणणं वेगळं, आणि गाव डबे घेऊन ऐकायला बसतं म्हणणं वेगळं. तिला लाज वाटतेय, कळतंय का तुला? तिला! आणि तू त्या लेखाची कात्रणं काढतोयस."

हे त्याला लागलं. त्याने काचघराला कुलूप घातलं. अधीक्षकांनी रांगेकडे बोट दाखवून पाहिलं, पण तो बधला नाही. तारांच्या टोकाला बसवायचा एक फिल्टर त्याने तयार केला, वायरलेसचा आवाज अडवणारा आणि विजांना सोडणारा. करायला ते फार अवघड नव्हतं, आणि म्हणूनच ते करताना त्याला स्वतःची जास्तच शरम वाटली. मग ऑफिसात जाऊन म्हणाला, "आई, आता एक अक्षरही येणार नाही. माझा शब्द."

"शब्द राहू द्यावा आपला," सासूबाई म्हणाल्या. "मी स्वतः ऐकेन."

त्या ऐकायला जाणार, तर सेटवर बोलायला कुणीतरी हवं. मुलगी बसली. सासूबाई काचघरात शिरल्या, पर्स पोटावर धरून बाकावर आडव्या झाल्या. जावयाने आधी फिल्टर न लावताच सुरू केलं, म्हणजे फरक कळावा.

"आई, येतंय का ऐकू?" भोंगे गरजले. "तू चष्मा इथेच विसरलीस. आता काचघरात ठेचकाळू नकोस. आणि त्याला सांग, खांदा दुखतोय तर शिडीवर चढायचं नाही म्हणून. मी सांगून सांगून थकले, या घरात माझं ऐकतंय कोण? डब्यातली फळं तशीच परत आणतो—"

सासूबाई ताडकन उठून बसल्या. "ही कुणासारखी बोलतेय?"

जावयाने फिल्टर हातात घेतला.

"मी अशी बोलते?"

"आई, तुमच्यात जरा जास्त माया आहे," जावई म्हणाला.

"खोटं बोलू नका," सासूबाई म्हणाल्या, पण त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला होता. "लोक हे ऐकायला रांग लावत होते? त्यांच्या घरी काय बायका नाहीत?"

त्याने फिल्टर जोडला. मुलीचा आवाज वाक्याच्या मध्येच नाहीसा झाला. तिकडे ती बोलतच होती. पाव तास बोलली, असं नंतर कळलं, आणि मनात साठलेलं बरंच काही बोलून गेली, जे कुणालाच ऐकू आलं नाही. इकडे फक्त टिक, टिक-टिक. सासूबाईंनी खूप वेळ कान देऊन ऐकलं. त्यांना आपला शब्द सापडतो का बघायचं होतं. तो सापडला नाही तरी त्या उठेनात.

"हे काय पडतंय?"

"विजा. इथून फार लांब. आत्ता कुठेतरी समुद्रावर पाऊस असेल."

"आणि ही शीळ?"

"तीही वीजच. पार पृथ्वीबाहेर फिरून परत आलेली."

"एवढ्या लांब जाऊन आली," सासूबाई म्हणाल्या, "आणि कुणी विचारलं नाही कुठे होतीस म्हणून." त्यांनी पर्स बाजूला ठेवली आणि डोळे मिटले. "जरा वेळ बसते इथे. तुम्ही जा, तिला सांगा आता पुरे म्हणावं."

दुसऱ्या दिवशी त्या जावयाला घेऊन वकिलांच्या घरी गेल्या. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत घोकून घेतलं होतं. दार उघडलं तर घरात मोलकरणीशिवाय कुणी नाही. ती म्हणाली, दोघं तलावावर गेलीत. तिथे गेले तर वकील पाण्यात आणि वकिलीणबाई काठावर, टॉवेल खांद्यावर, "पाय मारा! पाय! सगळं आयुष्य युक्तिवादात घालवलंत, आता जरा पाय मारा!" सासूबाईंनी पाण्याच्या काठाशी उभं राहून माफी मागितली. जावयानेही मागितली. वकिलांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, त्यात पाणी गेलं, आणि खोकता खोकता त्यांनी हात हलवला. तो माफ केल्याचा होता की वाचवा म्हणण्याचा, हे कळायला थोडा वेळ लागला.

काचघर पुन्हा उघडलं तेव्हा रांग नव्हती. अधीक्षकांनी सुस्कारा सोडला आणि झाडांना पाणी घालायला घेतलं. कलेवर लिहिणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं की कलाकाराचं धाडस ओसरलं आहे. त्याचं कात्रण कुणी काढलं नाही. येत ती थोडी माणसं: एक थकलेली शिक्षिका, फेरी संपवून आलेले दोन पोस्टमन, शाळेतून परतणारी दोन भावंडं, जी विजा मोजण्यावरून भांडत. दुपारी गाड्या कमी झाल्या की टकल्याला सेटवर बसवून सासूबाईही येत. आपल्याला कुणी काही विचारत नाही अशी सगळ्या गावात ही एकच जागा आहे, असं त्या म्हणत.

शेजारणीने एकदा तिथेच त्यांना गाठलं आणि विचारलं, "हे सगळं तुमच्या जावयाने केलंय म्हणे? करतात तरी काय ते?"

सासूबाईंनी भोंगा जरा तिच्याकडे सरकवला. "झोपा इथे," त्या म्हणाल्या. "आणि जरा वेळ बोलू नका."